काकांवर विश्वास आहे, मग दुसरी मंजुरी कशाला?

पत्र नाशिकहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा आशय देते. लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत. वडिलांनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत उभं केलेलं प्रेस पार्ट्सचं युनिट गेली चार वर्षं त्या सांभाळतात. ४२ कामगार आहेत, ऑफिसात ११ संगणक आहेत आणि टूलरूममध्ये वायरकट मशीनला जोडलेला एक खूप जुना संगणक आहे. मागच्या गल्लीतल्या एका युनिटमध्ये सोमवारी सकाळी संगणक उघडले तर टॅलीचा डेटा उघडेना. पडद्यावर पैशांची मागणी होती. महिना उलटला, तरी ती मंडळी अजून कागदी बिलांवरून नोंदी पुन्हा टाइप करत बसली आहेत. त्यातच ताईंच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने ४० प्रश्नांचा सायबर सुरक्षेचा फॉर्म पाठवला आहे. महिनाअखेर तो भरून द्यायचा आहे. पुण्याच्या एका सर्व्हिस कंपनीने सगळी देखरेख करायचे महिन्याला १६,५०० रुपये सांगितले आहेत.

वडील म्हणतात, "आपल्याकडे कोण येतंय? सगळीकडे 'हो' लिही आणि पाठवून दे." संगणकाचं काम बघणारा मुलगा १२ वर्षं एका फोनवर धावत येतो. त्यानेच लॉकडाऊनमध्ये राउटरवर काहीतरी करून काकांना घरून टॅली बघायची सोय करून दिली. त्याला दुखवायचं नाही. आणि काका, म्हणजे २४ वर्षं हिशेब सांभाळणारे अकाउंटंट. ५०,००० रुपयांच्या वरचं पेमेंट आपण मंजूर करू, असं ताईंनी सुचवलं तर ते म्हणाले, "एका रुपयाचा फरक पडला नाही आजवर. आता माझ्यावर पहारा बसवताय का?" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांबरोबर डबाही खाल्ला नाही.

ताई विचारतात : हा खर्च करू का? सगळं त्या कंपनीकडे सोपवलं की मी मोकळी होईन का? आणि काकांना कसं सांगू?

ताई,

तुम्ही प्रश्न ज्या क्रमाने विचारलेत तो मी उलटा करते. काकांचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण झोप त्यानेच उडवलेली दिसते.

तुमच्या शॉपमधल्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा जड भाग, खाली येतो. २० वर्षं प्रेसवर काढलेला ऑपरेटरही ती दोन्ही दाबतो. माझ्यावर भरवसा नाही म्हणून हे दुसरं बटण लावलंय, असं त्याच्या मनातही येत नाही. हात शाबूत राहावा म्हणून ते आहे, हे त्याला ठाऊक असतं. काकांशी बोलताना ऑफिसात बसून 'पॉलिसी' हा शब्द काढू नका. त्यांना प्रेसपाशी घेऊन जा आणि तिथे उभं राहून बोला.

आणि धोका नेमका कसा येतो ते त्यांना सांगा, कारण त्यात त्यांच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच येत नाही. तुम्हाला शीट पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मेलचा पासवर्ड कुणीतरी मिळवतो. आठवडाभर गुपचूप मेल वाचत बसतो. मग ऐन पेमेंटच्या दिवशी त्याच जुन्या मेलच्या खाली उत्तर येतं की आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळची रक्कम सोबतच्या नव्या खात्यात पाठवा. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, खालची सही बरोबर. कधी कधी पत्त्यात 'एम' या अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी बसवलेले असतात, आणि चष्मा लावूनही ते दिसत नाही. काकांइतका काटेकोर माणूसही हे पेमेंट करेल. उलट काटेकोर माणूस वेळेवर करेल. पैसे गेल्यावर पहिला संशय कुणावर येतो? ज्याच्या हाताने गेले त्याच्यावर. बँकेला, पोलिसांना, तुमच्या ग्राहकाला काकांची २४ वर्षं ठाऊक नाहीत. दुसरी मंजुरी ही त्या दिवसासाठी काकांची ढाल आहे.

ही सोय तुमच्या बँकेत बहुधा आधीच आहे. व्यवसायाच्या नेट बँकिंगमध्ये एकाने पेमेंट तयार करायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, याला मेकर-चेकर म्हणतात. शाखेत अर्ज देऊन ती सुरू करून घेता येते. पण तुम्ही चेकर झालात आणि जेवताना मोबाइलवर न वाचताच 'मंजूर' दाबत राहिलात, तर तो नुसता देखावा होईल. म्हणून एक नियम काकांच्या हातात द्या : कुठल्याही पुरवठादाराचं बँक खातं बदललं, तर काकांनी स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय नवं खातं जोडायचं नाही. फोन मेलमधल्या नंबरवर करायचा नाही. काकांच्या त्या जुन्या वहीत जो नंबर आहे त्यावर करायचा. (अशी वही त्यांच्याकडे असेलच. २४ वर्षं हिशेब सांभाळणाऱ्या ज्या ज्या माणसाला मी भेटले, त्याच्याकडे ती होती.) तुमच्या कंपनीतलं ते सगळ्यात मोलाचं सुरक्षेचं साधन आहे, आणि ते काकांनीच जपलंय. हे त्यांना सांगितलंत, तर आपल्यावर पहारा बसवला असं वाटणारे काका स्वतःच पहारेकरी म्हणून दाराशी उभे असतील. तुमच्या ग्राहकांनाही एकदा लेखी कळवून टाका की आमचं खातं मेलवरून कधीही बदलणार नाही.

काकांच्या टेबलाशी आहोत तोवर आणखी दोन गोष्टी सांगते. जीएसटीसाठी वापरायचा डिजिटल सहीचा टोकन संगणकाला कायम टोचून ठेवलेला असतो, असं मी जवळजवळ प्रत्येक छोट्या ऑफिसात बघते. काम झालं की तो काढून कपाटात ठेवावा. कोरे चेक सह्या करून आपण टेबलावर ठेवत नाही, तसंच हे. दुसरी गोष्ट बँकेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो त्याची. 'आरटीओ चलन' किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती उघडून ॲप बसवलं आणि मागेल ती परवानगी दिली, तर ते फोनवर येणारे मेसेज वाचू शकतं, म्हणजे ओटीपीही. कंपनीच्या बँकेसाठी वेगळा साधा फोन घ्या. त्यावर व्हॉट्सॲपच नको.

आता बाबांचं म्हणणं. "आपल्याकडे कोण येतंय?" हा प्रश्न चोर घर निवडून येतो असं धरून विचारलेला आहे. यातले बरेच हल्ले निवडून येत नाहीत. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. रोख युक्रेनवर होता. पण मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. निफाड-दिंडोरीची द्राक्षं परदेशी निघतात ते हे बंदर. युक्रेनमधल्या भांडणाशी न्हावा शेवाचा काय संबंध होता? त्याच्या दीड महिना आधी आलेला वॉनाक्राय हा हल्ला तर ज्या विंडोज संगणकांवर मार्चमधलं अपडेट टाकलेलं नव्हतं, त्यांच्यात आपोआप शिरत गेला. मालक लहान की मोठा, हे त्याने कुठे विचारलं?

म्हणूनच तुमच्या पत्रातल्या, तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका ओळीवर मी थांबले. लॉकडाऊनमध्ये राउटरवर 'काहीतरी करून' काकांना घरून टॅली दिसायला लागलं. मला भीती वाटते की रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवायच्या सोयीचा, ३३८९ क्रमांकाचा पोर्ट (नेटवर्कचं दार) थेट इंटरनेटवर उघडा केलेला असेल. तेव्हा घाईत अनेकांनी असंच केलं. त्या मुलाने अडचणीत मदत केली, त्याचा दोष मी काढत नाही. पण असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. सापडला की पासवर्ड लावून बघत राहतात. रात्री, साप्ताहिक सुट्टीला, दिवाळीत कारखाना बंद असताना त्यांना अडवणारं कुणी नसतं. मागच्या गल्लीत काय झालं ते मला माहीत नाही. पण फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं खंडणीखोर सॉफ्टवेअर आत यायच्या नेहमीच्या वाटांमधली ही एक वाट आहे. फॉर्म, कोटेशन, बैठका बाजूला ठेवा आणि हा पोर्ट आज संध्याकाळी बंद करून घ्या. काकांना घरून काम करायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसात यायची बंदिस्त वाट) आणि मोबाइलवरच्या दुसऱ्या पडताळणीसह सोय करता येते. मेललाही तीच दुहेरी पडताळणी हवी. आणि एकच पासवर्ड चौघांना माहीत असणं बंद करा.

"चोरण्यासारखं काय आहे?" असंही बाबा विचारतील. त्याचं उत्तर त्यांना कपाट उघडून दाखवा. ग्राहकाची ड्रॉइंग्ज आहेत, आणि ती त्याची आहेत, आपली नाहीत. ४२ जणांचे आधार, पीएफचे आणि बँक खात्यांचे तपशील आहेत. माणसांच्या माहितीच्या रक्षणाचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड अंबडच्या युनिटला होईल असं म्हणून मी घाबरवत नाही. पण कामगाराने विश्वासाने दिलेला कागद आपल्याकडे ठेव म्हणून आहे, हे बाबांना कायद्याशिवायही पटेल.

टूलरूममधल्या जुन्या संगणकाबद्दल थोडक्यात. विंडोज ७ ला मिळणारी मदत, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. ऑफिसातले संगणक टप्प्याटप्प्याने बदला किंवा नव्या आवृत्तीवर न्या. वायरकटचा बदलता येत नसेल, कारण मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही, तर त्याला एकटं ठेवा. इंटरनेट नको, ऑफिसच्या नेटवर्कची वायर नको. प्रोग्राम न्यायला एकच ठरलेला पेनड्राइव्ह वापरा आणि तो आधी तपासून घ्या.

आता बॅकअप. तुम्ही लिहिता, "बॅकअप आहे, हार्ड डिस्क जोडलेलीच असते." ताई, जोडलेलीच असते हीच अडचण आहे. खंडणीचं सॉफ्टवेअर संगणकाला जे जे दिसतं ते सगळं कुलूपबंद करतं, त्यात ती डिस्कही आली आणि नेटवर्कवरचं सगळ्यांना उघडं असलेलं टॅलीचं फोल्डरही आलं. जुना आणि चांगला हिशेब असा : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक कारखान्याबाहेर. दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक नेहमी सुटलेली, कपाटात किंवा घरी. शिवाय क्लाउडवर एक प्रत ठेवा, जिच्या जुन्या आवृत्त्या लगेच पुसता येत नाहीत. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं ऑगस्ट २०२२ च्या नियमबदलापासून बंधनकारकच आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, तेही लक्षात असू द्या.

पण बॅकअप घेणं हे अर्धंच काम. माझ्या मामेभावाचं सातपूरला छोटं वर्कशॉप होतं. त्याच्याकडे तीन वर्षांचे बॅकअप तारखांसकट व्यवस्थित मांडलेले होते. संगणक बिघडल्यावर कळलं की फोल्डरचा शॉर्टकट तेवढा कॉपी होत होता. फाइलला नाव होतं, आत काही नव्हतं. तो रात्रभर माझ्या स्वयंपाकघरात बसून होता, आणि मला त्याच्यासाठी चहा करण्यापलीकडे काही करता आलं नाही. म्हणून हे कळकळीने सांगते : महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, मागच्या आठवड्याचं एक बिल शोधा, त्याचं प्रिंट काढा आणि तारखेसह फाइल करा. तुमच्याकडे अमावास्येला मशीनसमोर नारळ फुटत असेल, तर तोच दिवस ठरवा. वेगळी आठवण ठेवावी लागणार नाही.

इतकं झाल्यावर पुण्याच्या कंपनीचा प्रश्न बराच सोपा होतो. ती देखरेख घ्यावी असं माझं मत आहे. ११ संगणकांवर वेळेवर अपडेट टाकणं, रात्री दोनला एखादा संगणक अचानक शेकडो फाइली बदलायला लागला तर तो लगेच नेटवर्कपासून तोडणं, बॅकअप अडकला तर त्याच दिवशी कळवणं, ही कामं हाक मारल्यावर येणाऱ्या एका माणसाकडून होण्यासारखी नाहीत. त्यालाही झोप लागते, त्याच्याही घरी लग्नकार्यं असतात. १६,५०० रुपये जास्त की कमी, हे त्या आकड्याकडे बघून कळणार नाही. ऑफिस आठ दिवस बंद राहिलं, चलन-बिलं निघाली नाहीत, माल गेटवर अडकला, तर काय जाईल ते काकांना मांडायला सांगा आणि मग तुलना करा.

मात्र तुम्ही मोकळ्या होणार नाही. जुलै २०२१ मध्ये कासेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून हल्ला झाला. हे सॉफ्टवेअर अशाच देखरेख करणाऱ्या कंपन्या वापरतात. ज्यांची देखरेख त्यातून चालायची असे ८०० ते १,५०० व्यवसाय एका फटक्यात अडकले, असा अंदाज त्या कंपनीनेच दिला. स्वीडनमध्ये कूप नावाच्या दुकानसाखळीची गल्ले-यंत्रं बंद पडून शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. ज्याच्याकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या असतात, त्याच्याच दारात चोर उभा राहतो. म्हणून सही करण्याआधी विचारा : आमच्या संगणकांवर यायला तुमची माणसं दुहेरी पडताळणी वापरतात का? मुख्य पासवर्ड कुणाकडे, आणि त्यांची सीलबंद प्रत आमच्याकडे राहील का? लक्ष्मीपूजनाच्या रात्री धोक्याचा इशारा आला तर फोन कोण उचलेल, किती मिनिटांत? बॅकअप परत उभा करणं या पैशांत आहे की त्याचं वेगळं बिल? करार संपला तर आमचा डेटा आणि पासवर्ड किती दिवसांत परत? उत्तरं कोटेशनच्या कागदावर लेखी घ्या. "मॅडम, काळजीच करू नका" एवढंच उत्तर आलं, तर दुसरी कंपनी बघा. आधी तीन महिन्यांचा करार करा, वर्षाचा नको.

आणि त्या मुलाला काढू नका. पुण्याची कंपनी पडद्यामागून बघेल, पण वायर, प्रिंटर, नवा संगणक, टूलरूमचा तो हट्टी डबा, यासाठी अंबडला येणारा माणूस लागणारच. भेटीमागे पैसे देण्याऐवजी त्याला महिन्याचं ठरलेलं मानधन द्या आणि कुठला संगणक कुठे, त्यावर काय, कधी घेतला, याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. ती आज फक्त त्याच्या डोक्यात आहे. पुण्याच्या लोकांशी पहिली बैठक त्याला शेजारी बसवून करा. क्रॅक केलेलं एखादं सॉफ्टवेअर त्याने पूर्वी टाकलं असेल, तर ते काढायला लावा, पण रागावून नको. बहुतेक ते आपणच पैसे वाचवायला मागितलेलं असतं.

फॉर्मबद्दल बाबांचं ऐकू नका. चाळीसही प्रश्नांना 'हो' लिहिणं हा खोटा जबाब आहे. उद्या ग्राहकाचं ड्रॉइंग तुमच्याकडून फुटलं, तर तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल. जिथे आहे तिथे 'आहे', नाही तिथे 'नाही, अमुक तारखेपर्यंत करतो' असं लिहा आणि ती तारीख पाळा. मालाच्या तपासणीत दोष निघाला तर सुधारणेचा आराखडा तारखेसह देणं तुम्हाला नवं नाही. हेही तसंच आहे, आणि चांगला ग्राहक ते तसंच वाचतो.

एक कागद मात्र आजच भिंतीवर लावा, काही घडलं तर काय करायचं याचा. नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. संगणक फॉरमॅट करू नका, शक्यतो बंदही करू नका, कारण पुरावे त्यातच असतात. 'फॉरमॅट मारून टाकू' ही आपल्याकडची सवय इथे घात करते. पडद्याचा फोटो काढा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० ला ताबडतोब फोन. पैसे पुढच्या खात्यांमध्ये पसरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, आणि त्यात मिनिटं मोजली जातात. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि शहराच्या सायबर पोलिसांकडे करा. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायच्या असतात. ते काम देखरेख कंपनीच्या करारात घाला, म्हणजे त्या गोंधळात तुमच्यावर येणार नाही. खंडणी भरण्याच्या मी विरोधात आहे. भरून डेटा मिळेलच याची कुणी हमी देत नाही. काही जुन्या प्रकारांची कुलुपं उघडणारी साधनं 'नो मोअर रॅन्सम' या २०१६ पासून चाललेल्या उपक्रमात फुकट मिळतात. हे मागच्या गल्लीतल्या मंडळींनाही सांगा. त्यांनी कुलूपबंद फाइली पुसल्या नसतील, तर एकदा बघायला हरकत नाही.

फॉर्म भरून झाला की पाठवण्याआधी तो काकांना वाचायला द्या. इतकी वर्षं कंपनीचा प्रत्येक महत्त्वाचा कागद त्यांच्या चष्म्याखालून गेलाय, हाही जाऊ दे. 'पेमेंटच्या खात्यातील बदलाची खात्री कोण करतं?' असा प्रश्न त्या चाळिसात असेलच. त्याच्या उत्तराची जागा रिकामी ठेवा, तिथे त्यांचं नाव त्यांनाच लिहू दे.